जुना प्लग, एक बोल्ट आणि दीड मिलिमीटर

प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर सोडायचा, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) हाताने फिरवायचं, आणि स्क्रू ड्रायव्हर वर यायचा थांबला की तिथे टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असायची जागा. मीही वर्षानुवर्षं असंच करत आलो. नोकरी लेथवरची, दिवसभर तोंडात शतांश मिलिमीटरची भाषा, आणि घरी आल्यावर स्वतःच्या मोपेडचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मात्र बोटाच्या अंदाजावर. मग एका संध्याकाळी पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) नवे टाकून ऐटीत किक मारली आणि किक उलटी आली. नडगीवर अंड्याएवढं टेंगूळ. आठवडाभर लंगडत होतो, आणि त्या आठवड्यात बसल्या बसल्या कागदावर हिशोब केला. तो आधी सांगतो, कारण पुढची सगळी हत्यारं त्यातूनच निघाली आहेत.

स्ट्रोक ५० मिमी आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) केंद्रापासून केंद्रापर्यंत १०० मिमी असं इंजिन धरा. क्रँक टीडीसीच्या ५ अंश अलीकडे असताना पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली असतो? ०.१२ मिमी. ३ अंश अलीकडे असताना? ०.०४ मिमी. म्हणजे टीडीसीच्या दोन्ही बाजूंचे ३-३ अंश धरले तर क्रँक ६ अंश फिरतो आणि पिस्टन जागचा हलतच नाही म्हणा ना. तिथे तो रेंगाळतो. हातातल्या स्क्रू ड्रायव्हरला ०.०४ मिमी काय कळणार? माझं बोट "थांबला" म्हणत होतं तेव्हा तो खरंच थांबला होता, फक्त कुठे थांबला ते बोटाला माहीत नव्हतं.

आता गंमत बघा. त्याच इंजिनात १६ अंशांवर पिस्टन १.२१ मिमी खाली असतो, १८ वर १.५२, २० वर १.८७ आणि २२ वर २.२६. म्हणजे जिथे ठिणगी पडायला हवी त्या भागात पिस्टन चांगला पळतो, दर अंशाला साधारण ०.१७ मिमी. बऱ्याच लहान टू-स्ट्रोकचं टायमिंग 'टीडीसीच्या आधी इतके मिलिमीटर' असं दिलेलं असतं, दीड ते अडीचच्या आसपास, ते उगाच नाही. खोली मोजायची असेल तर टीडीसीवरचं रेंगाळणं आपल्या बाजूचं असतं. शून्य धरताना क्रँक २ अंश इकडेतिकडे असला तरी खोलीत चूक पडते ०.०२ मिमीची, आणि ती १८ अंशांजवळ अंशाचा आठवा हिस्सासुद्धा होत नाही. पण तोच टीडीसी अंशांत किंवा मॅग्नेटवरच्या खुणेत धरायचा म्हटलं की हेच रेंगाळणं गळ्याशी येतं. मी स्क्रू ड्रायव्हरने टीडीसी धरून मॅग्नेटवर खूण करत होतो आणि त्या खुणेपासून अंश मोजत होतो. चुकीच्या टोकाकडून सुरुवात.

तुमच्या इंजिनाचा हिशोब करायचा तर स्ट्रोकचा अर्धा म्हणजे क्रँकची त्रिज्या. ती आणि रॉडची लांबी यांची बेरीज करा. त्यातून त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन वजा करा. मग रॉडच्या लांबीच्या वर्गातून त्रिज्या गुणिले साइन याचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा आणि तेही वजा करा. उरेल ती पिस्टनची खोली. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरला दोन मिनिटांचं काम. आकडा मात्र तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या, शेजाऱ्याच्या इंजिनाचा नको.

प्लगचा स्टॉपर

माझ्या पेटीतलं सगळ्यात लाडकं हत्यार हे. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही: टाकाऊ स्पार्क प्लगचं कवच, त्यात ६ मिमीचा बोल्ट.

बोल्ट ६ मिमीचाच का? कारण त्याच्या साध्या आट्यांचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, बरोबर १ मिमी असतो. एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी, दीड फेरा म्हणजे दीड मिमी. बाजारातून आणलेला साधा बोल्ट म्हणजे घरबसल्या मायक्रोमीटर. ८ मिमीच्या बोल्टचा पिच १.२५ असतो आणि १० मिमीच्या बोल्टचा १.५. चालतात तेही, पण हिशोब तोंडी होत नाही.

प्लग निवडताना तुमच्या इंजिनातल्या प्लगच्याच आट्यांचा आणि तितक्याच लांबीचा घ्या. लहान इंजिनांत बहुतेक १४ मिमी व्यास आणि १.२५ पिच असतो. व्हाइसमध्ये प्लग षटकोनावर पकडा आणि डोळ्यांवर गॉगल चढवा. हे शोभेसाठी सांगत नाही. चिनीमाती फुटते तेव्हा तिच्या कपच्या काचेसारख्या उडतात. वरचा पांढरा भाग जाड फडक्यात गुंडाळून हातोडीच्या एका टोल्यात तोडा. षटकोनाच्या वरच्या काठावर कवचाची कड आत दुमडलेली दिसेल, तिनेच चिनीमाती धरून ठेवलेली असते. ती कड कानशीने घासून काढा. खालचा वाकडा इलेक्ट्रोड हेक्सॉने कापा. मग आट्यांच्या बाजूने पंच लावून ठोका, उरलेला गाभा वरच्या बाजूने निघतो. उलट ठोकलात तर निघत नाही, कारण आत खांदा असतो आणि गाभा त्यावर बसलेला असतो. पहिला प्लग मी उलटाच ठोकत बसलो होतो. शेवटी तो फेकून दिला.

आता रिकाम्या कवचात ६ मिमीचा नट बसवायचा. नट भोकापेक्षा किंचित मोठा निघाला तर त्याचे सहाही कोपरे थोडे थोडे घासा, म्हणजे ठोकून घट्ट बसतो. मग भोवती धातूची इपॉक्सी भरा. ब्रेझिंगची सोय असेल तर उत्तमच. इपॉक्सी सुकेपर्यंत नटात बोल्ट घालून ठेवा आणि आट्यांच्या टोकाकडून डोळा लावून बघा, बोल्ट भोकाच्या मधोमध आणि सरळ दिसला पाहिजे. बोल्टच्या आट्यांना आधी ग्रीस लावा, नाहीतर नट-बोल्टचं कायमचं लग्न लागतं.

बोल्ट पूर्ण लांबीला आटे असलेला, ६०-७० मिमीचा. टोक कानशीने गोल करून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. हे टोक अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनवर टेकणार आहे, तिथे धार नको. पितळी बोल्ट मिळाला तर आणखी चांगलं. षटकोनाच्या एका बाजूने ३ मिमीचं आरपार छिद्र पाडा, म्हणजे हवा अडकून पिस्टन स्प्रिंगसारखा मागे ढकलणार नाही. बोल्टवर एक चेकनट (बोल्ट जागच्या जागी आवळून धरणारा जादा नट) चढवून ठेवा.

शेवटचं काम, जे टाळावंसं वाटतं पण टाळू नये: बोल्टच्या डोक्यावर बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण मधोमध चिकटवा आणि त्याच्या कडेवर दहा समान खुणा करा. कवचाला तारेचा एक काटा गुंडाळा. झाकण एक खूण सरकलं की बोल्ट ०.१ मिमी पुढे गेला.

वापरायचं कसं

पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगची वायर इंजिनाच्या बॉडीला लावून ठेवा. उघड्या भोकाशेजारी ठिणगी नको आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलला मोकळं सोडणंही बरं नव्हे. किकला हात किंवा पाय लावायचा नाही. स्टॉपर आत असताना कुणी किक मारली तर पिस्टनला भोक पडेल नाहीतर रॉड वाकेल. मी किकचा दांडाच काढून ठेवतो. घरात मुलं असतील तर तुम्हीही काढाच.

बोल्ट पूर्ण वर घेऊन स्टॉपर हाताने घट्ट बसवा. मॅग्नेट फिरवून पिस्टन अंदाजे टीडीसीला आणा. आता बोल्ट हलकेच टेकेपर्यंत खाली घ्या आणि मॅग्नेट मागेपुढे थोडं झुलवा. अडतंय? बोल्ट केसभर वर घ्या. झुलवताना टोक नुसतं घासून जातंय असं बोटाला जाणवलं की तो तुमचा शून्य. झाकणावर काट्यासमोर पेन्सिलने खूण करा.

मग मॅग्नेट उलट्या दिशेने पाव फेरा फिरवून पिस्टन खाली न्या. पुस्तकात १.५ मिमी असेल तर बोल्ट दीड फेरा आत घ्या, चेकनट लावा, आणि मॅग्नेट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश आणा. पिस्टन बोल्टला टेकेल. बस्स, आत्ता तो टीडीसीच्या बरोबर दीड मिमी अलीकडे आहे. या स्थितीत मॅग्नेटवर आणि क्रँककेसवर एकमेकांसमोर बारीक रेघ ओढा. कायम फिरण्याच्या दिशेनेच टेकवा. बेअरिंगमधला खेळ त्या बाजूला खाऊन जातो आणि दर वेळी तोच आकडा मिळतो.

हे सगळं प्लगचं भोक सिलेंडरच्या रेषेत सरळ असेल तर. भोक तिरकं असेल तर बोल्टही तिरका चालतो आणि जास्त अंतर कापतो. ३० अंश तिरकं असेल तर दीड मिमीसाठी बोल्टला १.७३ मिमी जावं लागतं. त्यात पिस्टनचा माथा घुमटासारखा असला तर आणखी घोळ. तिथे हा आकडेमोडीचा खटाटोप सोडा आणि खालची तबकडी वापरा.

३६० मिलिमीटरची तबकडी

डिग्री व्हील, म्हणजे क्रँकचे अंश मोजायची चकती, म्हणून लोक जुनी सीडी घेतात आणि तिच्यावर छापील अंश चिकटवतात. वाईट नाही. सीडीचा व्यास १२० मिमी, म्हणजे कडेवर एक अंश १.०५ मिमीचा होतो. पण त्या पाच शतांशांनी मला झोप लागेना. तबकडीचा परीघ बरोबर ३६० मिमी केला तर? मग एक मिलिमीटर म्हणजे एक अंश, आणि साधी मोजपट्टीच अंशांची पट्टी होते. व्यास येतो ११४.६ मिमी.

घरी लेथ नाही, पण ड्रिल आहे. प्लायवुडवर कंपासने ११६ मिमीचं वर्तुळ काढलं, करवतीने कापलं, मधोमध भोक पाडून बोल्ट-नटाने आवळलं आणि तो बोल्ट ड्रिलमध्ये धरला. ड्रिल व्हाइसमध्ये, फिरत्या कडेला लाकडी ठोकळ्यावर लावलेला पॉलिश पेपर. मोजपट्टीच्या साहाय्याने लांब कागदी पट्टीवर ३६० मिमीच्या खुणा केल्या आणि ती पट्टी अधूनमधून कडेला गुंडाळून बघत राहिलो. आधी शून्य आणि ३६० यांच्यात फट. आणखी थोडं घासलं, फट अर्धी. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन्ही टोकं अशी जुळली की जोड शोधावा लागला. व्यास मोजायची गरजच पडली नाही, कागदाची जाडीसुद्धा आपोआप हिशोबात आली. माझा भाचा बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "मामा, कोन मोजायचं अ‍ॅप आहे ना मोबाईलवर." मी म्हटलं, "मोबाईल मॅग्नेटच्या नटावर बसवून दाखव." गप्प बसला.

तबकडी मॅग्नेटच्या नटाखाली किंवा क्रँकच्या मोकळ्या टोकावर आवळा. काटा म्हणून क्रँककेसच्या एखाद्या स्क्रूखाली जाड तार दाबा आणि तिचं टोक तीक्ष्ण करा. आता टीडीसी. बोल्ट इतका आत घ्या की पिस्टन वरच्या टोकाच्या चार-पाच मिमी आधीच अडेल. एका दिशेने फिरवून टेकवा आणि आकडा लिहा. उलट दिशेने फिरवून टेकवा, तोही लिहा.

माझ्या वहीतला एक प्रसंग: एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला ३३७. ३३७ म्हणजे शून्याच्या मागे २३. एकतीसातून तेवीस गेले, उरले ८, त्याचे अर्धे ४. म्हणजे खरा टीडीसी तबकडीवर ४ वर आहे. क्रँक न हलवता तबकडीच ४ अंश सरकवली आणि पुन्हा टेकवून बघितलं: २७ आणि ३३३. दोन्हीकडे सत्तावीस. इथे पिस्टन रेंगाळत नाही, पळत असतो, म्हणून टेकण्याचा क्षण नेमका कळतो. मघाचा स्क्रू ड्रायव्हर रेंगाळण्याच्या जागी चाचपत होता, आपण त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी दबा धरला. बोल्ट वर घेतलात की तबकडी तुम्हाला हवा तो अंश दाखवते.

तबकडी बसवायला जागाच नसेल तर मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेवर कागदी चिकटपट्टी लावा. कडेचा परीघ मोजा, ३६० ने भागा. १०० मिमी व्यासाच्या मॅग्नेटवर एक अंश ०.८७ मिमीचा, १८ अंश १५.७ मिमीचे. पट्टीवर तेवढं अंतर मोजून रेघ मारा. दिशा मात्र दोनदा बघा. रेघ टीडीसीच्या आधी येणारी हवी, नंतर येणारी नव्हे. ही चूक मी केलेली नाही, पण करणारा माणूस बघितला आहे. बिचारा दिवसभर कार्ब्युरेटर उघडत होता.

पॉइंट उघडले कधी

पॉइंट नवे असतील किंवा जुने घासून साफ केले असतील तर आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा करू नका. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं, म्हणून बरेच जण गॅपच्या जोरावर टायमिंग 'जमवतात'. जमतं, पण ठिणगी मरते. मॅग्नेटोमध्ये पॉइंट उघडायचा क्षण आणि चुंबकाची जागा यांचं एक नातं असतं. कॉइलमधला प्रवाह भरात असताना पॉइंट उघडले तरच ठिणगी जोरकस येते. कॉइल आणि पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती सरकवली तर दोन्ही एकत्र सरकतात, नातं टिकतं. गॅपशी खेळलात की ते तुटतं. सकाळी थंड इंजिन चालू व्हायला कां-कूं करतं त्यामागे कधीकधी हेच असतं.

गॅप बहुतेक ठिकाणी ०.३५ ते ०.४५ मिमीच्या दरम्यान. कॅमने पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना फिलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) घाला. गेजला तेल लागलेलं असतंच, म्हणून शेवटी पॉइंटमध्ये कोऱ्या कागदाचा तुकडा ओढून घ्या. तेलाचा एक थर पुरतो त्रास द्यायला. पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. त्यामुळे कॅमला तेल देणारा फेल्टचा तुकडा कोरडा राहू देऊ नका.

आता उघडण्याचा क्षण पकडायचा. पहिल्यांदा मी मल्टिमीटर बीपवर टाकून एक टोक पॉइंटच्या वायरला, एक बॉडीला लावलं. बीप. पॉइंट उघडले, तरी बीप. पॉइंट शॉर्ट आहेत असं समजून ते उघडले, घासले, परत बसवले. बीप. नवा कंडेन्सर टाकला. बीप. रात्री साडेदहाला डोक्यात उजेड पडला: पॉइंटला समांतर कॉइलची प्रायमरी जोडलेली आहे, तिचा रोध एखाद-दुसऱ्या ओहमचा. मीटरला ती वायरचा तुकडाच वाटणार. पॉइंट बिचारे व्यवस्थित उघडत होते.

म्हणून कॉइलची वायर पॉइंटपासून सोडवा. मग मीटर चालतो, किंवा त्याहून सोपा माझा दिवा: एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, दोन वायरी, टोकांना मगरी क्लिपा. पॉइंट बंद असताना बल्ब लागतो, उघडले की विझतो. उन्हात बल्ब दिसत नाही, म्हणून मी तो काळ्या फिल्मच्या डबीत बसवला आहे. मॅग्नेट सावकाश फिरवा. बल्ब विझतो त्या क्षणी मॅग्नेटवरची रेघ क्रँककेसच्या रेघेसमोर हवी.

वायर सोडवणं जिकिरीचं असेल तर सिगारेटचा पातळ कागद. त्याची पट्टी पॉइंटमध्ये पकडवा, हलका ताण ठेवा आणि फिरवत जा. पॉइंट सुटताच पट्टी निसटते. मी दोन्ही पद्धती एकाच इंजिनावर लावून बघितल्या, फरक एका अंशाच्या आत राहिला. ताण मात्र हलकाच. ओढलात तर कागद फाटतो आणि तुकडा पॉइंटमध्येच राहतो.

खुणा जुळल्या नाहीत तर प्लेट सरकवा. प्लेटचे स्क्रू बहुतेक वेळा मॅग्नेटच्या मागे असतात, म्हणजे दर वेळी मॅग्नेट काढणं आलं. तीन-चार फेऱ्या वाचवायच्या तर अंदाज करून सरकवा: प्लेटचा व्यास ९२ मिमी असेल तर तिच्या कडेवर एक अंश ०.८ मिमीचा. सैल करण्याआधी प्लेट आणि क्रँककेस दोन्हीवर एक सलग रेघ ओढा, म्हणजे किती सरकली ते दिसतं. इंजिनाच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की ठिणगी लवकर, म्हणजे टायमिंग अ‍ॅडव्हान्स, त्याच दिशेला सरकवली की उशिरा, म्हणजे रिटार्ड.

मॅग्नेट काढायला पुलर (ते ओढून काढायचं हत्यार) त्याच्याच आट्यांचा वापरा. हातोडीने ठोकून काढलेलं मॅग्नेट निघतं, पण क्रँक वाकतो आणि चुंबकही कमजोर होऊ शकतं. नट सोडताना मॅग्नेट धरायला लाकडी दांड्याला जुन्या पट्ट्याचा तुकडा गुंडाळून पकड बनवा. सिलेंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवणारे असतात. टू-स्ट्रोकमध्ये मी ते करत नाही, दोरी एक्झॉस्ट पोर्टमध्ये घुसून काठावर कापली जाते.

मॅग्नेट उतरलं की ते शाफ्टवर जागेवर धरणारी चावी बघा. अर्धचंद्राकृती, बोटाच्या नखाएवढी. १४ मिमीच्या शाफ्टवर ती अर्धा मिमी जरी कातरली गेली तरी टायमिंग ४ अंश सरकतं, आणि बाहेरून काही कळत नाही. गवत कापायच्या मशीनचं किंवा चेन सॉचं टायमिंग बिघडलं अशी तक्रार आली की मी आधी हीच तपासतो. त्यांत बहुधा प्लेट सरकवायची सोयच नसते, चावी ठरवेल तेच टायमिंग. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ०.३ मिमीच्या आसपास ठेवायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. कार्डाची जाडी कळत नसेल तर दहा कार्डं एकत्र धरून व्हर्नियरने मोजा आणि दहाने भागा.

चालत्या इंजिनावर

पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर बल्ब काही सांगत नाही. तिथे स्ट्रोब, म्हणजे प्रत्येक ठिणगीसोबत चमकणारा दिवा, लागतो. तयार टायमिंग लाइट मिळते, पण तिला १२ व्होल्टची बॅटरी हवी आणि लहान इंजिनाला बॅटरीच नसते. वेगळी जोडली तरी चालते.

मी पांढऱ्या एलईडीचा स्ट्रोब बनवला. प्लगच्या वायरवर कपड्यांचा चिमटा, चिमट्यावर सहा वेढे वायर, तिथून रेझिस्टरमार्गे ट्रान्झिस्टर, तिथून ५५५ टायमर (ठरावीक वेळ मोजणारी चिप). चमक किती वेळाची हवी हे महत्त्वाचं. ३,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. ५० मायक्रोसेकंदांची चमक असेल तर रेघ ०.९ अंश फिसकटलेली दिसते, तेवढं चालतं. ४.७ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड घेतलं की ५५५ साधारण ५२ मायक्रोसेकंद देतो.

पहिल्या रात्री चालू केलं तर मॅग्नेटवर एकाऐवजी तीन-तीन रेघा. ठिणगी एकदाच पडून थांबत नाही, ती काही काळ तडतडत राहते आणि माझा टायमर प्रत्येक तडतडीला चमकत होता. उपाय: आधी आणखी एक ५५५, जो पहिल्या तडतडीनंतर ५ मिलिसेकंद कान बंद ठेवतो. ४७ किलोओहम, १०० नॅनोफॅरड. मग रेघ एकच राहिली. चमक इतकी थोडा वेळ असते की एलईडी मंद दिसतो. म्हणून रेघेवर टायपिंगच्या चुका खोडायचा पांढरा रंग लावा आणि काम अंधार पडल्यावर करा. इंजिन मोकळ्या हवेत ठेवा, बाह्या दुमडा. आणि चमकीखाली मॅग्नेट थांबल्यासारखं दिसतं, त्याला बोट लावायचा मोह होतो. ते थांबलेलं नसतं.

रेघ जागेवर दिसली की काम झालं. स्ट्रोबमध्ये रेघ थरथरत असेल तर प्लेटला दोष देऊ नका, पॉइंटच्या पिनचा खेळ किंवा क्रँकचं बेअरिंग बघा. शेवटी नट आवळल्यावर एकदा पुन्हा स्टॉपरने टेकवून रेघ जुळते का बघा, कारण आवळताना मॅग्नेट शाफ्टच्या निमुळत्या भागावर (टेपरवर) किंचित फिरून बसू शकतं. मग बोल्ट वर घ्या, स्टॉपर काढा, आणि काढलात ना हे हाताने चाचपून बघा. माझा स्टॉपर मी लाल रंगवला आहे आणि त्याला एक हातभर दोरी बांधली आहे. दोरीचं दुसरं टोक किकच्या काढलेल्या दांड्याला.